शालेय विद्यार्थ्यांच्या दुखापती आणि प्रथमोपचार : शिक्षकाच्या भूमिकेचे विवेचन

प्रस्तावना :

शाळा हे विद्यार्थ्याचे दुसरे घर मानले जाते. दिवसातील पाच ते सात तास मूल या घरात घालविते. मैदान, जिना, प्रयोगशाळा, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि शाळेबाहेरचा रस्ता या सर्व ठिकाणी त्याचा वावर असतो. धावणे, चढणे, ढकलणे, पडणे हा वाढीच्या वयाचा स्वभावधर्मच असल्याने दुखापतीचे प्रसंग पूर्णपणे टाळता येत नाहीत. असा प्रसंग घडतो तेव्हा तेथे डॉक्टर किंवा परिचारिका नसते आणि पालकही जवळ नसतात. तेथे असतो तो वर्गशिक्षक. त्यामुळे दुखापतीनंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणाच्या हाती असतात, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'शिक्षकाच्या' असेच येते.

या मिनिटांचे मोल किती असते, हे केरळमधील एका घटनेने देशापुढे आणले. नोव्हेंबर २०१९ मध्ये वायनाड जिल्ह्यातील सुलतान बत्तेरी येथे पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीला वर्गातच सर्पदंश झाला. वर्गाच्या जमिनीतील भोकात तिचा पाय गेला होता. पायावरील खुणा पाहून मुलांनी सापाची शंका बोलून दाखविली. परंतु मुलीला तत्काळ रुग्णालयात न नेता पालकांची वाट पाहण्यात वेळ गेला, अशी तक्रार सहविद्यार्थ्यांनी जाहीरपणे केली. मुलीचा मृत्यू झाला आणि शिक्षकावर निलंबनाची कारवाई झाली. वर्गातील जमिनीची दुरुस्ती हा या घटनेचा एक धडा होय. त्याहून मोठा धडा असा की, काय करावे हे माहीत नसणारा शिक्षक सुसज्ज रुग्णालय जवळ असतानाही विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकत नाही.

शालेय दुखापतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. होणारी हानी दर वेळी निष्काळजीपणातूनच होते असे नाही. पुष्कळदा ती आपुलकीने, परंतु चुकीच्या समजुतीने केलेल्या उपायांतून होते. भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावणारा, फेफरे आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालणारा किंवा मुरगळलेला पाय चोळून देणारा शिक्षक मदतच करू पाहत असतो. म्हणूनच प्रथमोपचाराच्या शिक्षणात 'काय करावे' याइतकेच 'काय करू नये' याला महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचे कारणांसह विवेचन केले असून, त्या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारीही स्पष्ट केली आहे.

प्रथमोपचार : संकल्पना व पार्श्वभूमी

अपघात घडल्यापासून वैद्यकीय मदत मिळेपर्यंतच्या काळात, घटनास्थळी उपलब्ध असलेल्या साधनांनी केलेली तात्पुरती मदत म्हणजे प्रथमोपचार. प्राण वाचविणे, दुखापत अधिक वाढू न देणे आणि बरे होण्याची वाट मोकळी ठेवणे ही त्याची तीन उद्दिष्टे होत. निदान करणे आणि औषधयोजना करणे ही कामे प्रथमोपचारकाची नव्हेत.

ही संकल्पना रणभूमीवर जन्मली. सॉल्फेरिनोच्या लढाईतील (१८५९) जखमींची दैना पाहून हेन्री ड्युनां यांनी जो विचार मांडला, त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस चळवळीचा पाया घातला गेला. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू झाले. जर्मनीत फ्रीडरिश फॉन एस्मार्क या शल्यचिकित्सकाने १८८२ मध्ये कील येथे असेच वर्ग सुरू केले. भारतीय रेडक्रॉस सोसायटीची स्थापना १९२० च्या कायद्यान्वये झाली. या सर्व प्रयत्नांमागील सूत्र एकच होते. डॉक्टर सर्वत्र पोहोचू शकत नाही. म्हणून डॉक्टर नसलेल्या माणसाला मोजक्या, निश्चित कृती शिकविल्या पाहिजेत. शिक्षक हा नेमका असा माणूस आहे.

सर्वसाधारण तत्त्वे :

कोणत्याही दुखापतीत पुढील क्रम पाळणे आवश्यक असते.

१. प्रथम परिसराची सुरक्षितता पाहावी. विजेचा धक्का बसलेल्या मुलाला मुख्य खटका बंद केल्याशिवाय स्पर्श करू नये. अन्यथा एकाऐवजी दोन रुग्ण होतात.

२. मूल हाकेला प्रतिसाद देते का आणि त्याचा श्वास नीट चालू आहे का, हे पाहावे. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल, तर मुलाला कुशीवर वळवावे. त्यामुळे उलटी किंवा लाळ श्वासनलिकेत जात नाही. श्वासच चालू नसेल, तर एकाने १०८ क्रमांकावर कळवावे आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दाब देण्यास प्रारंभ करावा. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा आणि छाती सुमारे एक तृतीयांश खोलीपर्यंत दबली पाहिजे. प्रशिक्षित व्यक्तीने दर ३० दाबांनंतर तोंडावाटे दोन श्वास द्यावेत. मुलांमध्ये हृदय थांबण्याचे मूळ पुष्कळदा श्वास कोंडण्यात असते, त्यामुळे हे श्वास महत्त्वाचे ठरतात.

३. जोराचा रक्तस्राव थांबवावा.

४. मुलाशी शांतपणे बोलावे, भोवतीची गर्दी हटवावी आणि घडलेल्या वेळेची नोंद करावी.

५. गंभीर दुखापत झालेल्या मुलाला खाण्यापिण्यास काही देऊ नये. पुढे भूल द्यावी लागल्यास पोटातील अन्न धोकादायक ठरते. 'घोटभर पाणी पाज' हा आपल्याकडील सहज उद्गार अशा वेळी आवरावा लागतो.

जखम, रक्तस्राव व घोळणा फुटणे :

कबड्डी, खो-खो, लंगडी यांसारख्या मैदानी खेळांत गुडघे आणि कोपरे खरचटणे ही नित्याची बाब आहे. अशी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुणे हाच सर्वोत्तम उपचार होय. जखमेतील मातीचे कण निघून जाणे महत्त्वाचे असते. जखमेवर हळद, कॉफीची पूड, चुना किंवा माती भरण्याची प्रथा अद्याप दिसते. घरातील हळदपूड निर्जंतुक नसते, शिवाय तिच्या थराखाली जखमेची खोली डॉक्टरांनाही दिसत नाही. मातीत आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प प्रतिबंधक लस दिली जाते. ती झाली आहे किंवा नाही याची नोंद शाळेत असल्यास डॉक्टरांचे काम सुलभ होते.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटे दाब द्यावा. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलले, तर गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. कापड भिजल्यास त्यावरच दुसरी घडी ठेवून दाब वाढवावा. कंपासपेटीतील कर्कटकाचे टोक, काच किंवा खिळा जखमेत खोल रुतला असेल, तर तो उपसून काढू नये. रुतलेली वस्तू रक्तवाहिनीचे तोंड बंद करून बसलेली असू शकते. तिच्या दोन्ही बाजूंना दाब देऊन मुलाला रुग्णालयात न्यावे.

घोळणा फुटल्यावर मुलाची मान मागे करणे, डोक्यावर पाणी थापणे आणि कांदा हुंगविणे हे तीन उपाय सर्वत्र प्रचलित आहेत. मान मागे केल्याने रक्त थांबत नाही. ते घशात उतरते, त्यामुळे मळमळ होते आणि किती रक्त गेले हेही समजत नाही. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, तोंडाने श्वास घेण्यास सांगावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे दाबून ठेवावा. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, तर वैद्यकीय मदत घ्यावी.

पडल्यामुळे होणाऱ्या दुखापती :

(अ) हाडे व सांधे – मूल पडताना स्वाभाविकपणे हात पुढे टेकविते. त्यामुळे मनगटाजवळचा आणि कोपराच्या वरचा अस्थिभंग मुलांमध्ये विशेषत्वाने आढळतो. कोपराच्या अस्थिभंगात हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू अगदी जवळ असतात. अशा हाताला मालीश करून वर घट्ट पट्टी किंवा बांबूच्या कामट्या आवळल्या, तर सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते निकामी होऊ लागतात. बोटे आखडून हात कायमचा अधू होण्याच्या या विकृतीचे वर्णन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साध्या पडण्याचे रूपांतर आयुष्यभराच्या अपंगत्वात कसे होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

म्हणून हाड मोडल्याची शंका येताच तो अवयव आहे त्या स्थितीत स्थिर ठेवावा. जाड घडी केलेले वर्तमानपत्र, लाकडी पट्टी किंवा पुठ्ठा यांचा आधार देऊन दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली सैल बांधावे. ओढणी किंवा त्रिकोणी पट्टीची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. वाकडा हात सरळ करू नये. बोटे थंड, निळसर किंवा बधिर वाटू लागल्यास बांधलेली पट्टी लगेच सैल करावी. पाय मुरगळल्यास पहिले दोन दिवस चोळणे आणि शेकणे टाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि पाय उंचावर घ्यावा.

(आ) डोके व मान – डोक्याला मार लागल्यावर टेंगूळ किती मोठे आले यावरून गांभीर्य ठरत नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे ही धोक्याची लक्षणे होत. ती काही तासांनीही प्रकट होऊ शकतात. यास्तव मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये आणि पुढील दोन दिवस लक्ष ठेवण्याची सूचना पालकांना लेखी द्यावी. मुले शिक्षा होईल या भीतीने पडल्याचे घरी सांगत नाहीत. त्यामुळे शाळेकडून जाणारी ही चिठ्ठीच पुष्कळदा पालकांना मिळणारी एकमेव माहिती असते. मल्लखांब, झाड किंवा गच्चीवरून पडलेल्या मुलाला हातपाय धरून उचलण्याची घाई करू नये. मणक्याला इजा झालेली असल्यास अशा उचलण्याने मज्जारज्जू दुखावतो. डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

(इ) दात – समोरचा कायमचा दात संपूर्ण निखळून पडला, तरी तो पुन्हा बसविता येतो, ही बाब फारशी ज्ञात नाही. मुळावरील सूक्ष्म पेशी जिवंत असेपर्यंतच हे शक्य असते. दात वरच्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये आणि कागदात गुंडाळून कोरडा होऊ देऊ नये. मूल मोठे व सावध असेल, तर दात पाण्याखाली क्षणभर धरून खाचेत बसवावा. अन्यथा तो दुधात ठेवून अर्ध्या ते एका तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

भाजणे व डोळ्यांच्या इजा :

शाळेत भाजण्याचे प्रसंग पोषण आहाराच्या स्वयंपाकघराजवळ आणि प्रयोगशाळेत घडतात. गरम आमटी अंगावर सांडल्यावर त्वचेखालची उष्णता काही काळ आतील थर भाजत राहते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली भाग २० मिनिटे धरल्यास ही प्रक्रिया थांबते आणि वेदनाही कमी होते. टूथपेस्ट, शाई, तेल किंवा तूप यांच्या थराने उष्णता आतच कोंडते. बर्फामुळे त्वचेचा रक्तपुरवठा कमी होऊन इजा वाढते. फोड फोडू नयेत आणि चिकटलेला कपडा ओढून काढू नये. बांगडी, अंगठी, घड्याळ मात्र सूज येण्यापूर्वी उतरवावे.

प्रयोगशाळेत अंगावर आम्ल सांडल्यास त्यावर अल्कली टाकून उदासिनीकरण करण्याचा मोह विज्ञान-शिक्षकाला होणे शक्य आहे. परीक्षानळीतील हे तत्त्व त्वचेवर लावता येत नाही. या अभिक्रियेत उष्णता निर्माण होऊन इजा वाढते. भरपूर वाहते पाणी हाच येथेही उपाय होय.

डोळ्यात धूळ, रंग किंवा रसायन गेल्यास डोळा चोळू न देता पाण्याने धुवावा. तंबाखूबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागून ती डोळ्यात फुटण्याचे प्रकार घडतात. चुना हा तीव्र अल्कली असल्याने तो बुबुळाच्या आत शिरत जातो. पापण्या उघडून चुन्याचे कण काढावेत आणि किमान अर्धा तास सतत पाणी सोडावे. रुग्णालयात नेण्यापूर्वी धुणे सुरू करणे ही येथे दृष्टी वाचविणारी कृती आहे. याउलट पेन्सिल, बाण किंवा काडी डोळ्यात घुसली असेल, तर डोळा धुऊ नये व दाबू नये. कागदी पेल्याने डोळा झाकून नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

दंश :

महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप प्रामुख्याने आढळतात. दंशाच्या वर करकचून दोरी बांधणे, जखम चिरणे, तोंडाने विष ओढणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी घातक आहेत. आवळलेल्या दोरीमुळे अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ती सोडताच साठलेले विष एकदम शरीरात पसरू शकते. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा अवयव अस्थिभंगाप्रमाणे आधार देऊन स्थिर ठेवावा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. असे जवळचे रुग्णालय कोणते, हे प्रसंग येण्यापूर्वीच मुख्याध्यापकाच्या टेबलावर लिहून ठेवलेले असावे. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ दवडू नये.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांच्या दृष्टीने मण्यारचा धोका विशेष आहे. हा साप रात्री वावरतो. जमिनीवर झोपलेल्या मुलाला त्याचा दंश झाल्यास वेदना अत्यल्प होते आणि खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसल्यास त्याला अपचन समजून स्वस्थ बसू नये. मुले खाटेवर, मच्छरदाणीत झोपतील अशी व्यवस्था करणे हा येथे प्रतिबंधक उपाय होय. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

कोकणातील लाल विंचवाचा दंश मुलांच्या बाबतीत एकेकाळी अनेकदा प्राणघातक ठरत असे. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने ही स्थिती पालटविली. त्यांच्या कार्याचा २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. परंतु औषध असले तरी मूल वेळेत पोहोचणे आवश्यक असते. भरपूर घाम, उलट्या आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये.

कुत्र्याने चावा घेतल्यास अथवा ओरखडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. रेबीजचे विषाणू जखमेतच कमी करण्याची ही संधी असते. तिखट, चुना, तेल लावू नये आणि पट्टी बांधू नये. त्याच दिवशी लसीकरण सुरू करावे. जखम रक्ताळलेली असल्यास इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यानंतर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून 'ओळखीचे कुत्रे आहे, काही होत नाही' हे आश्वासन शिक्षकाने देऊ नये.

शुद्ध हरपणे व श्वास कोंडणे :

प्रार्थनेच्या वेळी उपाशीपोटी, उन्हात उभ्या असलेल्या मुलाला भोवळ येणे हे परिचित दृश्य आहे. त्याला उचलून बसविण्याऐवजी सपाट निजवावे आणि पाय थोडे वर करावेत. मेंदूकडे रक्त परतताच ते सावध होते. उन्हात खेळल्यानंतर अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर मात्र ती साधी भोवळ नसून उष्माघात असू शकतो. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

फेफरे आलेल्या मुलाला चप्पल किंवा कांदा हुंगविल्याने झटका थांबत नाही; तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते. दातांत चमचा घातल्याने दात तुटतात व श्वास अडतो. हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, झटका ओसरू लागताच कुशीवर वळवावे आणि घड्याळात वेळ पाहावी. पाच मिनिटांहून अधिक काळ झटका राहिल्यास अथवा मधे शुद्ध न येता पुन्हा आल्यास तो आणीबाणीचा प्रसंग समजावा. शुद्धीवर आल्यानंतर वर्गात त्याची चेष्टा होणार नाही, हे पाहणे हादेखील उपचाराचाच भाग आहे.

घास किंवा पेनचे टोपण घशात अडकलेल्या मुलाला खोकता येत असेल, तर खोकू द्यावे. आवाज आणि श्वास बंद झाल्यास त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच जोरकस थापा द्याव्यात. त्याने न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच धक्के द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नये. ती आणखी खोल जाते. मूल बेशुद्ध पडल्यास वर सांगितल्याप्रमाणे छातीवरील दाब सुरू करावेत.

प्रथमोपचार पेटी व नोंदी :

पेटीत निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, साबण, पॉव्हिडोन आयोडीन, क्षार संजीवनीची पाकिटे, विजेरी आणि आधारासाठी फळ्या एवढे साहित्य पुरेसे होते. वेदनाशामक गोळ्या शिक्षकाने स्वतःच्या निर्णयाने देऊ नयेत. ॲस्पिरिन तर मुलांना मुळीच देऊ नये. पेटी कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात असेल आणि किल्ली सुटीवर गेलेल्या लिपिकाकडे असेल, तर तिचा उपयोग केवळ तपासणीच्या दिवसापुरता उरतो. ती उघड्यावर, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावी आणि दरमहा तपासली जावी. अपस्मार, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा औषधाची ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक वर्गशिक्षकाजवळ असावेत.

कायदेशीर बाजू :

'आपण हात लावला आणि काही बरेवाईट झाले तर?' ही भीती अनेक शिक्षकांना मागे खेचते. या संदर्भात कायद्याची भूमिका आश्वासक आहे. एखाद्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेले कृत्य, वेळेत संमती मिळणे शक्य नसल्यास, त्यातून अपाय झाला तरी त्या कारणाने अपराध ठरत नाही. हे तत्त्व भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये कायम आहे. रस्ते अपघातातील मदतकर्त्याला मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने संरक्षण दिले आहे. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलीस सोपस्कारांसाठी उपचार अडवू नयेत, असे स्पष्ट केले. पालकांना कळविणे आवश्यक आहेच. पण ते येईपर्यंत थांबणे आवश्यक नाही. एका शिक्षकाने पालकांना दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी मुलाला घेऊन निघावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा कार्यरत आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी :

प्रथमोपचार हे केवळ वाचून येणारे ज्ञान नसून हातांना लावावयाचे वळण आहे. अध्यापक महाविद्यालयातील छात्राध्यापकाने आरोग्यशिक्षणाच्या उत्तरपत्रिकेत रक्तस्रावावरील उपाय अचूक लिहिले, म्हणून तो प्रसंगी दहा मिनिटे न डगमगता जखम दाबून धरील असे नाही. यासाठी रक्तस्राव थांबविणे, कुशीवर वळविणे, छातीवर दाब देणे, घशात अडकलेली वस्तू काढणे आणि झोळी बांधणे या पाच कृतींचा प्रत्यक्ष सराव आंतरवासितेपूर्वी प्रत्येकाकडून करून घ्यावा आणि तो वर्षातून एकदा पुन्हा घ्यावा. न वापरलेले कौशल्य विस्मृतीत जाते.

ही जबाबदारी केवळ अध्यापक महाविद्यालयांची नाही. कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर ज्या गावात भरते, तेथे प्राथमिक शाळाही असते. शिबिरातील एक दुपार त्या शाळेतील शिक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि वरच्या वर्गातील मुले यांच्यासाठी देता येईल. स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक यांच्या साहाय्याने असा उपक्रम फारसा खर्च न करता होऊ शकतो. आयुष्मान भारत अंतर्गत फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची तरतूद आहे. महाविद्यालयीन उपक्रम त्याला पूरक ठरेल. मात्र दोनच शिक्षक प्रशिक्षित असणे पुरेसे नाही, कारण दुखापत त्यांच्या हजेरीची वाट पाहत नाही.

समारोप :

शालेय दुखापतींमधील बहुतेक योग्य उपचार आश्चर्यकारकरीत्या साधे आहेत. वाहते पाणी, साबण, स्वच्छ कापड, वर्तमानपत्राची घडी, पेलाभर दूध, घड्याळ आणि दूरध्वनी एवढ्या साधनांवर ते होतात. कठीण असते ते वर्षानुवर्षे पाहिलेले, घराघरांत रुजलेले चुकीचे उपाय त्या क्षणी बाजूला ठेवणे. टूथपेस्टची नळी, चपलेचा वास, करकचून बांधलेली दोरी आणि मालीश करणारा हात यांना थांबविण्याचे धैर्य कारण समजल्याशिवाय येत नाही. म्हणून प्रथमोपचाराचे शिक्षण हे यादी पाठ करण्याचे शिक्षण न राहता कार्यकारणभावाचे शिक्षण व्हावयास हवे. पालक सकाळी मुलाला शाळेच्या दारात सोडतात तेव्हा अभ्यासक्रमाइतकीच त्याच्या शरीराची जबाबदारीही ते शिक्षकाकडे सोपवितात. त्या जबाबदारीसाठी शिक्षकाला सिद्ध करणे हे शिक्षक घडविणाऱ्या संस्थांचे कर्तव्य आहे.